तळागाळाचा अभ्यासक : सर जॉन मरे

'तळागाळ' हा शब्द आपल्या चळवळीच्या तोंडी इतका रुळला आहे की त्याचा मूळ अर्थ आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. पाण्याच्या तळाशी बसलेला गाळ, एवढाच त्याचा अर्थ. समाजाच्या तळाशी दाबल्या गेलेल्या माणसांसाठी हा शब्द वापरताना, तळाशी जे साचते ते निरुपयोगी व मुके असते, असा एक समज आपल्याही नकळत त्यात मिसळतो. निसर्गाच्या बाबतीत तरी हा समज साफ खोटा आहे. ज्या पुरुषाने आपले सारे आयुष्य महासागरांच्या तळचा गाळ गोळा करण्यात, आम्लात विरघळविण्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली निरखण्यात घालविले, आणि त्या चिखलातून समुद्राचा इतिहास वाचण्याची रीत जगाला दिली, त्या सर जॉन मरे यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत आणि या चरित्राकडे इतिहासाच्याच दृष्टीने पाहणार आहोत. राजांच्या बखरी लिहिल्या गेल्या. ज्यांची बखर कोणी लिहिली नाही त्यांचा इतिहास मागे उरलेल्या अवशेषांतून, खापरांतून, शिलालेखांतून आणि जमिनीच्या थरांतून शोधावा लागतो. महासागराचीही बखर कोणी लिहिलेली नाही. त्याच्याजवळ आहे तो फक्त तळाशी साचलेला थर. तो थर पुराव्यादाखल कसा वाचावा, हा प्रश्न म्हणूनच इतिहासाचाही प्रश्न आहे.

जन्म आणि शिक्षण

जॉन मरे यांचा जन्म ३ मार्च १८४१ रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात कोबर्ग या गावी झाला. आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. वडील हिशेबनीस होते. वयाच्या सतराव्या वर्षी शिक्षणासाठी ते स्कॉटलंडमध्ये आजोबांकडे आले आणि स्टर्लिंग येथील शाळेत दाखल झाले. १८६४ साली त्यांनी वैद्यक शिकण्यासाठी एडिनबरो विद्यापीठात प्रवेश घेतला. मात्र वैद्यकाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. परीक्षा देण्यात त्यांना रस नव्हता. जो विषय आवडेल त्याच्या व्याख्यानांना बसावे, प्रयोगशाळेत रमावे आणि परीक्षेच्या वेळी बाजूला व्हावे, अशी त्यांची रीत. भूविज्ञान त्यांनी आर्चिबाल्ड गायकी यांच्याकडे आणि भौतिकशास्त्र पीटर गथ्री टेट यांच्याकडे शिकले.

१८६८ साली पीटरहेड बंदरातून निघालेल्या 'यान मायेन' या देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर ते डॉक्टर म्हणून गेले. सात महिने ते उत्तर ध्रुवाकडील समुद्रात होते. तेथील बर्फ, प्रवाह आणि समुद्री जीव यांची निरीक्षणे व नमुने घेऊन ते परतले, ते समुद्राचे वेड घेऊनच.

येथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पदवी न घेता मोठा झालेला माणूस, असा धडा या चरित्रातून काढण्याचा मोह होईल. तो काढू नये. मरे यांच्यापाठीशी त्यांच्या कुटुंबाची ऐपत होती, ओळखीचे प्राध्यापक होते आणि त्यांच्यासाठी दार उघडणारा समाज होता. ज्यांच्यासाठी दार कधी आपणहून उघडले नाही, त्यांच्या हाती पदवी ही किल्ली असते. बाबासाहेबांनी कोलंबिया आणि लंडन येथून पदव्या का मिळवल्या, याचे उत्तर यातच आहे. मरे यांच्याकडून घ्यावयाची आहे ती ज्ञानाची ओढ. परीक्षेचा कंटाळा नव्हे.

'चॅलेंजर'ची सफर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खोल समुद्राच्या तळाविषयी माणसाला चंद्राच्या पृष्ठभागाइतकीही माहिती नव्हती. तारायंत्राच्या तारा समुद्रातून टाकायला सुरुवात झाली आणि तळ कसा आहे, हे जाणण्याची व्यावहारिक गरज निर्माण झाली. तेव्हा ब्रिटिश आरमाराने 'चॅलेंजर' ही युद्धनौका विज्ञानासाठी दिली. तिच्यावरील बहुतेक तोफा काढून त्या जागी प्रयोगशाळा थाटण्यात आल्या. मोहिमेचे शास्त्रीय प्रमुख होते प्राध्यापक चार्ल्स वायव्हिल थॉमसन. रसायनज्ञ होते जॉन यंग बुकानन. ऐनवेळी एका निसर्गशास्त्रज्ञाने माघार घेतली आणि टेट यांच्या शिफारशीने ती जागा मरे यांना मिळाली. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते.

२१ डिसेंबर १८७२ रोजी पोर्ट्‌स्मथ बंदर सोडलेली ही नौका २४ मे १८७६ रोजी इंग्लंडला परत आली. साडेतीन वर्षांत तिने ६८,८९० सागरी मैलांचा प्रवास केला आणि ३६२ ठिकाणी थांबून निरीक्षणे घेतली. प्रत्येक ठिकाणी वजन बांधलेला दोर तळापर्यंत सोडायचा, खोली मोजायची, तळाचे पाणी आणि चिमूटभर गाळ वर आणायचा, मग तळ खरवडणारे जाळे टाकायचे. २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम प्रशांत महासागरात ४,४७५ वाव खोली लागली. एक वाव म्हणजे सहा फूट. तेव्हा ही खोली आठ किलोमीटरांहून अधिक भरते. एवढा दोर सोडून पुन्हा ओढून घेण्यात तासन्‌तास जात. शास्त्रज्ञांना हा उत्सव असे. खलाशांना ती रोजची रखड होती. कित्येक खलाशी या कंटाळवाण्या श्रमाला कंटाळून वाटेतल्या बंदरांत जहाज सोडून पळून गेले. पुढे छापल्या गेलेल्या भव्य ग्रंथांमागे या दोर ओढणाऱ्या हातांचे श्रम आहेत, हे आपण तरी विसरता कामा नये.

तळाच्या गाळाचे नमुने सांभाळण्याचे काम मरे यांच्याकडे आले. माशांना आणि नव्या नव्या जीवांना जाणकार पुष्कळ होते. चिखलाला कोणी वाली नव्हता. मरे यांनी तो चिखलच आपला विषय केला.

पांढरा चिखल कोठून आला?

अटलांटिक महासागराच्या तळाचा बराचसा भाग फिकट पांढऱ्या, बारीक चिखलाने व्यापलेला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला की दिसतात ती ग्लोबिजेरिना नावाच्या एकपेशीय जीवांची चुन्याची इवलीशी कवचे. हे जीव राहतात कोठे? तळाशीच, असे थॉमसन यांचे मत होते आणि त्यांच्यासारखे अनेक थोर जाणकार त्याच मताचे होते. मरे यांनी वाद घातला नाही. त्यांनी जहाजाच्या मागे बारीक जाळी बांधून समुद्राच्या पृष्ठभागाजवळचे पाणी गाळायला सुरुवात केली, आणि हे काम सफरभर नेमाने चालू ठेवले. जाळीत तेच जीव जिवंत सापडले. ज्या समुद्राच्या पृष्ठभागावर जी कवचे, तीच खाली तळाच्या चिखलात. म्हणजे तळाचा पांढरा गाळ वरून, पृष्ठभागावर जगून मेलेल्या जीवांच्या कवचांच्या अखंड वर्षावातून बनत होता.

पदवी नसलेल्या साहाय्यकाने आपल्या प्रमुखाचे मत पुराव्याने खोडले आणि प्रमुखाने ते उघडपणे मान्य केले. कोणी मोठा माणूस म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा, ही कालामांना दिलेली भगवान बुद्धांची शिकवण आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. 'एहिपस्सिको', या आणि पाहा, हे धम्माचे लक्षण सांगितले जाते. विज्ञानाचे लक्षण याहून वेगळे नाही. थॉमसन आणि मरे या दोघांनीही आपापल्या परीने ते पाळले.

याच सफरीत रसायनाने आणखी एक भ्रम दूर केला. टॉमस हक्सली यांनी १८६८ साली मद्यार्कात ठेवलेल्या सागरी चिखलात चिकट, पेजेसारखा पदार्थ पाहून तो आदिम सजीव असल्याचे मानले होते आणि त्याचे 'बॅथिबियस' असे नामकरणही केले होते. ताज्या चिखलात तो पदार्थ सापडेना. बुकानन यांनी तपासून दाखविले की समुद्राच्या पाण्यात मद्यार्क मिसळला की कॅल्शियम सल्फेटचा साका खाली बसतो. तोच हा 'सजीव'. हक्सली यांनीही आपली चूक स्वीकारली.

आम्लाची कसोटी

यानंतरचा प्रश्न अधिक अवघड होता. पांढरा चिखल जर वरून पडतो, तर तो सर्वत्र का नाही? अतिशय खोल ठिकाणी दोर जाई तेव्हा वर येई ती तांबूस, तपकिरी, चिकट माती. चुन्याचे कवच तीत औषधालाही नसे. मरे यांची कसोटी साधी होती. वाळविलेल्या नमुन्याचे वजन करायचे, त्यावर सौम्य आम्ल ओतायचे. चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, फसफसून विरघळतो. जे उरते ते पुन्हा तोलायचे. किती गेले आणि किती राहिले, यावरून चुन्याचे प्रमाण कळते. शेकडो नमुन्यांवर हे काम झाल्यावर नियम उघड झाला. ग्लोबिजेरिनाच्या चिखलात चुना सरासरी चौसष्ट टक्के. तांबड्या मातीत अवघा सात टक्क्यांच्या आसपास. जसजशी खोली वाढते तसतसा चुना घटतो आणि पाच किलोमीटरांच्या खाली तो जवळजवळ नाहीसा होतो. खोल, थंड पाणी कार्बन डायऑक्साइड व दाब यांमुळे चुन्याला गिळून टाकते. पृष्ठभागावर कवचे सारखीच पडत असतात. पण खोल तळाशी ती पोहोचण्याआधी किंवा पोहोचल्यावर विरघळून जातात. समुद्रात बुडालेल्या डोंगरांच्या माथ्यावर पांढरा गाळ आणि पायथ्याशी तांबडी माती, असे चित्र त्यामुळे दिसते. जणू बर्फाच्छादित शिखरेच.

मग ती तांबडी माती आहे तरी काय? कवचे विरघळल्यावर उरलेली राख, असे थॉमसन यांनी सुचविले होते. मरे यांना आम्लातून उरलेल्या साक्यात वेगळेच काही दिसले. ज्वालामुखीच्या काचेचे कण, पाण्यावर तरंगणाऱ्या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे तुकडे, आणि ते कुजून बनलेली चिकणमाती. असा दगड हजारो मैल तरंगत जातो, झिजतो, भिजतो आणि बुडतो. १८८३ साली क्राकाटोआचा प्रचंड स्फोट झाला, तेव्हा तेथील राखेचे कण मरे यांनी खोल समुद्रातील कणांशी ताडून पाहिले. तांबड्या मातीचा मोठा भाग ज्वालामुखीजन्य द्रव्याच्या विघटनाने बनतो, हे त्यांचे मत अशा तुलनांवर उभे होते. वाऱ्याने दूरवर वाहून नेलेल्या जमिनीवरील धुळीचा वाटा त्यांच्या अंदाजापेक्षा मोठा आहे, हे पुढील संशोधनाने दाखविले. परंतु उगम शोधायचा तो कणांची जात ओळखून, ही पद्धत कायम राहिली.

या मातीत आणखीही चकित करणाऱ्या वस्तू होत्या. मँगनीज व लोह यांचे काळे, बटाट्यासारखे गोळे. त्यांच्या पोटात कधी शार्कचा दात, कधी देवमाशाच्या कानाचे हाड. मरे यांनी वाळलेल्या मातीतून लोहचुंबक फिरविला, तेव्हा त्याला काळे, चकाकते, अतिसूक्ष्म गोळे चिकटले. काहींच्या गाभ्यात लोह आणि निकेल होते. हे पृथ्वीवरचे नव्हतेच. आकाशातून पडणाऱ्या उल्कांचे ते वितळून थिजलेले थेंब होते. अशी धूळ सर्वत्रच पडते. मग ती येथेच इतकी का सापडावी? मरे यांचा तर्क असा, की जेथे इतर गाळ अत्यंत मंद गतीने साचतो तेथेच असे दुर्मीळ कण नजरेत भरतात. आजच्या मोजमापांनी तो तर्क खरा ठरविला आहे. तांबडी माती साचते ती हजार वर्षांत साधारण मिलिमीटरभर. आणि मँगनीजचा गोळा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो.

न पाहिलेला खंड

मरे यांच्या पद्धतीची खरी ताकद दिसली ती दक्षिणेकडे. फेब्रुवारी १८७४ मध्ये 'चॅलेंजर'ने अंटार्क्टिक वृत्त ओलांडले. हिमनगांनी वाट अडविली आणि नौका मागे फिरली. जमीन कोणाच्याही दृष्टीस पडली नाही. दक्षिण ध्रुवाभोवती मोठा खंड आहे की नुसती बेटे आणि बर्फ, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

पण तळाच्या जाळ्यात दगड आले होते. हिमनग वितळताना त्यांच्या पोटातील दगड खाली पडतात, तसे पडलेले. ते ग्रॅनाइट, नाइस, अभ्रकयुक्त शिस्ट आणि वालुकाश्म होते. महासागरातील बेटे बहुधा ज्वालामुखीची किंवा पोवळ्यांची असतात. त्यांच्यावर ग्रॅनाइट मिळत नाही. ग्रॅनाइट आणि वालुकाश्म ही खंडाची खूण आहे. यावरून मरे यांनी निष्कर्ष काढला की बर्फाच्या त्या भिंतीमागे खरोखरीचा विशाल खंड असला पाहिजे. १८९३ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी दक्षिण ध्रुवाच्या नव्या शोधमोहिमांची जोरदार मागणी केली. त्यानंतरच्या दोन दशकांत गेलेल्या मोहिमांनी खंडाचे अस्तित्व प्रत्यक्ष सिद्ध केले. ज्या भूमीवर पाय ठेवला नाही, जी डोळ्यांनीही दिसली नाही, तिची साक्ष समुद्रतळाच्या मूठभर खड्यांनी दिली होती.

पन्नास खंडांचा ग्रंथ

सफर संपली तेव्हा अर्धेच काम झाले होते. नमुन्यांच्या हजारो बाटल्या आणि पेट्या एडिनबरो येथे आल्या. जगभरच्या तज्ज्ञांकडे त्या वाटायच्या, त्यांचे अहवाल मिळवायचे आणि छापायचे. १८८२ साली थॉमसन यांचे निधन झाले आणि सारा भार मरे यांच्यावर आला. सरकारी तिजोरी हात आखडता घेऊ लागली, तेव्हा त्यांनी पदरचे पैसे घातले. १८८० ते १८९५ या काळात पन्नास जाडजूड खंड प्रसिद्ध झाले. विल्यम डिटमार यांनी केलेले समुद्राच्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण याच मालिकेत आहे; जगातील कोणत्याही महासागराचे पाणी घ्या, खारटपणा कमीजास्त असला तरी प्रमुख क्षारांचे परस्परप्रमाण सारखेच असते, हे त्याने पक्के केले.

१८९१ साली प्रसिद्ध झालेला खोल समुद्रातील निक्षेपांवरचा खंड मरे यांनी बेल्जियमचे खनिजशास्त्रज्ञ आल्फोन्स रेनार यांच्यासह लिहिला. रेनार हे धर्मगुरूची दीक्षा घेतलेले विद्वान. या ग्रंथाने समुद्रतळाच्या गाळाची दोन मोठी घराणी ठरविली. एक, जमिनीवरून आलेला गाळ. नद्या, लाटा आणि बर्फ यांनी आणलेला, क्वार्ट्‌झचे कण असलेला, बहुतांशी किनाऱ्यापासून दोनेकशे मैलांच्या आत साचणारा. दुसरा, भर समुद्रातला गाळ. ग्लोबिजेरिना, डायटम, रेडिओलेरिया यांच्या कवचांचा चिखल आणि तांबडी माती. समुद्रतळाच्या गाळाचा पहिला जागतिक नकाशा या कामातून तयार झाला. आजच्या पाठ्यपुस्तकांतील वर्गीकरणाचा पाया हाच आहे.

बेटावरची संपत्ती आणि तिची किंमत

मरे यांच्या आयुष्यातील पुढचे प्रकरण सहसा एका वाक्यात उरकले जाते. आम्हांस ते उरकून चालणार नाही.

हिंदी महासागरात, जावाच्या दक्षिणेस, ख्रिसमस नावाचे निर्जन बेट होते. १८८७ साली ब्रिटिश आरमाराच्या नौकांनी तेथून आणलेले दगड मरे यांच्याकडे आले. त्यांनी त्यांची रासायनिक परीक्षा केली, तेव्हा एका दगडात जवळजवळ शुद्ध फॉस्फेट आढळले. फॉस्फेट म्हणजे शेतीचे खत, म्हणजेच पैसा. मरे यांनी सरकारला ते बेट ताब्यात घेण्याची गळ घातली आणि जून १८८८ मध्ये ब्रिटनने ते आपल्या साम्राज्यास जोडले. १८९१ साली मरे आणि जॉर्ज क्लुनिस-रॉस यांना बेटाचा भाडेपट्टा मिळाला. १८९७ साली कंपनी स्थापन झाली. या बेटावरून सरकारला मिळालेल्या उत्पन्नाने 'चॅलेंजर' मोहिमेचा सारा खर्च भरून निघाला, असे मरे अभिमानाने सांगत.

पण ते फॉस्फेट खणले कोणी? करारावर आणलेल्या चिनी मजुरांनी. जंगल तोडून, उन्हापावसात दगड फोडून, वाहून त्यांनी ते जहाजावर चढविले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत त्यांच्यातील शेकडो माणसे बेरीबेरीने मेली. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्याच्या अन्नात जीवनसत्त्व उरत नाही, त्यातून उद्‌भवणारा हा रोग. गरिबीचा आणि दुर्लक्षाचा रोग. मरे यांनी १९०० व १९०८ साली बेटाला भेट दिली. त्यांचे नाव ग्रंथांत, पर्वतरांगांत अमर झाले. मजुरांची नावे कोणत्याही खंडात नाहीत.

हे आम्ही मरे यांची थोरवी कमी करण्यासाठी लिहीत नाही. त्यांचे विज्ञान खरे आहे आणि ते सर्व मानवजातीचे आहे. परंतु ज्याने तळच्या गाळातील प्रत्येक कणाचा उगम विचारला, त्याच्या संपत्तीचाही उगम विचारणे, हे त्याच्याच पद्धतीला धरून आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोर पुरुषांना देव्हाऱ्यात बसवू नये. विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी आपल्याला पुरेसा बजावून सांगितला आहे.

चुकलेला सिद्धांत

मरे सर्वच बाबतींत बरोबर नव्हते. पोवळ्यांची कंकणाकृती बेटे कशी बनतात, याचे उत्तर डार्विन यांनी दिले होते: ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते आणि पोवळी वर वाढत राहतात. १८८० साली मरे यांनी याविरुद्ध सिद्धांत मांडला. समुद्रातील उंचवट्यांवर कवचांचा गाळ साचून पाया तयार होतो, वर पोवळी वाढतात आणि आतला चुना विरघळून मध्ये सरोवर उरते. खचण्याची गरजच नाही. वाद मोठा रंगला. मरे यांच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी, १९५२ साली, प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे खोल विंधन केले गेले आणि बाराशे मीटरांहून अधिक जाडीच्या पोवळ्यांच्या चुन्याखाली ज्वालामुखीचा खडक लागला. डार्विन बरोबर ठरले. महासागरांची पात्रे आरंभापासून आहेत तेथेच आहेत, हे मरे यांचे मतही खंड सरकतात हे सिद्ध झाल्यावर मागे पडले. एका प्रश्नावर गुरूला पुराव्याने नमविणारा माणूस दुसऱ्या प्रश्नावर स्वतः चुकू शकतो. निर्णय पुरावाच देतो.

अखेरची वर्षे

१८९७ पासून मरे यांनी स्कॉटलंडमधील गोड्या पाण्याच्या सरोवरांची खोली मोजण्याचे काम हाती घेतले. त्यांचा तरुण सहकारी फ्रेडरिक पुलर १९०१ साली बर्फ फुटून बुडणाऱ्यांना वाचविताना स्वतः बुडाला. त्याच्या वडिलांच्या साहाय्याने काम पुढे चालले आणि ५६२ सरोवरांची मोजणी पूर्ण झाली. १८९८ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९१० साली, एकोणसत्तराव्या वर्षी, ते स्वतःच्या खर्चाने नॉर्वेच्या 'मायकेल सार्स' या नौकेवरून योहान योर्ट यांच्यासह उत्तर अटलांटिकच्या मोहिमेवर गेले. १६ मार्च १९१४ रोजी एडिनबरोजवळ कर्कलिस्टन येथे त्यांची मोटार उलटली आणि त्या अपघातात त्यांचे निधन झाले.

अरबी समुद्रापर्यंत

मरे यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या निधीतून १९३३–३४ साली एक मोहीम निघाली, ती आपल्या अरबी समुद्रात. नौका होती इजिप्तची 'मबाहिस'. प्रमुख होते भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक सेमूर स्युएल. अब्देल फत्ताह मोहम्मद आणि हुसेन फौझी हे इजिप्तचे शास्त्रज्ञ त्यात बरोबरीने होते. अरबी समुद्राच्या वायव्येकडील बुडालेल्या पर्वतरांगेला मरे यांचेच नाव आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' या नौकेने हिंदी महासागरातून मँगनीजचे गोळे वर काढले. मरे यांनी तोललेल्या त्या काळ्या गोळ्यांचेच हे भाऊबंद.

त्यांची पद्धतही पुढे गेली. आज आम्लाच्या जोडीला मूलद्रव्यांची समस्थानिके आहेत. १९५५ साली चेझारे एमिलियानी यांनी ग्लोबिजेरिनाच्याच वर्गातील कवचांमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून प्राचीन हिमयुगांचा क्रम मांडला. अरबी समुद्राच्या गाळात सिंधू नदीने हिमालयातून आणलेली माती आणि नर्मदा-तापीने दख्खनच्या काळ्या कातळावरून आणलेली माती वेगवेगळी ओळखता येते; तिच्यातील चिकणखनिजे निराळी, स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियम यांच्या समस्थानिकांचे प्रमाण निराळे. आपल्या शेतातली काळी माती पावसात वाहून गेली तरी तिचे गाव ती विसरत नाही. समुद्राच्या तळाशी लाखो वर्षांनीही ती आपले गाव सांगते.

मरे यांनी जपलेल्या बाटल्या आज लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 'चॅलेंजर'च्या काळातील ग्लोबिजेरिनासदृश जीवांची कवचे आणि अलीकडे गोळा केलेली कवचे ताडून पाहण्यात आली. आजची कवचे पातळ आढळली. काही तर ७६ टक्क्यांपर्यंत. कारखान्यांच्या आणि वाहनांच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो, त्याचे पाणी आम्लतेकडे झुकते आणि इवल्या जीवांना कवच बांधणे कठीण होते, याची ती साक्ष आहे. दीडशे वर्षांपूर्वी कोणी चिखल फेकून दिला असता तर ही साक्ष आज कोणी दिली असती?

विद्यार्थ्यांनो, यातून घ्यावयाचे ते एवढेच. ज्याला जग गाळ म्हणते तो निरखून पाहा. त्याचा उगम विचारा. मोजा, तोला, लिहून ठेवा आणि सांभाळा. आपल्या आजीच्या तोंडची ओवी, आजोबांच्या पेटीतला जुना दाखला, वस्तीतल्या विहिरीची हकिकत, हे सारे आपल्या इतिहासाच्या तळचे थर आहेत. ते नीट जपले, तर उद्या कोणीतरी त्यांच्यातून न पाहिलेला खंड शोधून काढील. तो शोधणारा या शाळेतलाच कोणी असावा, अशी सदिच्छा व्यक्त करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.